गाडी २ इंच लिफ्ट केलीय (बॉडी उंच केलीय), ३३ इंची टायर बसतील का?

प्रश्न: सध्या २६५/७० आर १६ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७०%, रिम १६ इंची) आहेत. २८५/७५ आर १६ (म्हणजे सुमारे ३३ इंची) टाकायचा विचार आहे. रिमही बदलू का?

उत्तर १: सरळ उभी असताना बसतील हो! स्टिअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवा, मग बघा टायर लायनरला (चाकावरच्या आतल्या प्लास्टिक आवरणाला) कुठे घासतो ते. रिम १६ चंच ठेवा. हवा कमी केल्यावर साइडवॉलच (टायरची रबरी बाजू) कामाला येते. शून्य ऑफसेटच्या (चाक बाहेर काढणाऱ्या) रिमच्या नादी लागू नका, दिसायला झकास, पण बेअरिंगवर ताण.

उत्तर २: टायर मोठे झाल्यामुळे मीटरवर ८० दिसेल तेव्हा खरा वेग ८६ च्या आसपास.

प्रश्नकर्ता: आणि डिफरन्शियलखाली (अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, मधल्या गिअरच्या डब्याखाली) जागा किती वाढेल?

उत्तर १: जेमतेम २८ मिमी, टायरची त्रिज्या वाढते तेवढीच. लिफ्टने बॉडी उचलली जाते, अ‍ॅक्सल नाही. स्टेपनी मावते का तेही बघा.