रानात सापडलेली कवटी : आणावी का, आणि टिकवावी कशी?

प्रश्न (पाऊलवाट)

गेल्या आठवड्यात ओढ्याच्या काठी एका प्राण्याची कवटी दिसली. मांस अजिबात उरलेले नाही, एका बाजूवर शेवाळाचा हिरवा थर आहे आणि हातात घेतली की दाढा आपापल्या खोबणीत खुळखुळतात. वरच्या जबड्यात पुढचे दात मुळीच नाहीत आणि कपाळावर दोन आखूड, सच्छिद्र खुंट आहेत. छायाचित्रे काढून ती मी होती तिथेच ठेवली. अशी वस्तू घरी आणणे कायद्याला धरून आहे का? आणि एका परिचितांनी सुचवल्याप्रमाणे ब्लीच घातलेल्या पाण्यात उकळून ती स्वच्छ करता येईल का?

उत्तर १ (माळरान)

ती तिथेच ठेवलीत हे फार चांगले केलेत, कारण कायद्याचे उत्तर प्राणी कोणता आणि जागा कोणती यावर ठरते, तो कसा मेला यावर नव्हे. वरच्या जबड्यात पुढचे दात नसणे ही रवंथ करणाऱ्या प्राण्यांची खूण आहे. फांद्या फुटलेली आणि दरवर्षी गळणारी शिंगे सांबर-चितळांची असतात, तर हाडाच्या गाभ्यावर नखासारखे टरफल असलेली शिंगे गाय, शेळी आणि काळवीट या सर्वांना असतात. त्यामुळे तुमचे खुंट शेळीचे असतील तसेच संरक्षित वन्यप्राण्याचेही असू शकतील आणि हा निवाडा केवळ छायाचित्रावरून करणे योग्य नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि असे काही ताब्यात आले तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांविषयीचा १९१८चा कायदा पक्ष्याचे पीसदेखील जवळ बाळगू देत नाही, मग हाडे दूरच राहिली. देशाची सीमा ओलांडताना १९७५पासून अमलात असलेला साइटिस करारही (धोक्यात आलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणारा करार) लागू होऊ शकतो. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून काहीही उचलू नये. ओळख पटेपर्यंत वन विभागाला छायाचित्रे दाखवावीत, आणि हाड माणसाचे असावे अशी पुसटशी शंका आली तरी हात न लावता पोलिसांना कळवावे.

उत्तर २ (अस्थिसंग्रह)

कवटी पाळीव प्राण्याची ठरली, किंवा ती ठेवण्याची परवानगी मिळाली, असे धरून लिहितो. उकळू नका आणि ब्लीच तर मुळीच वापरू नका. हाडाचा बराचसा भाग खनिजाचा असला तरी त्याला धरून ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन असते. उकळल्याने ते विरघळू लागते आणि आतली चरबी हाडात अधिकच मुरते. ब्लीच तर त्या प्रथिनालाच खाऊन टाकते, त्यामुळे आज पांढरेशुभ्र दिसणारे हाड पुढे खडूसारखे भुसभुशीत होते. अशा प्रकारे बिघडलेले नमुने मी पाहिले आहेत आणि तो बिघाड नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

तुमच्या कवटीवर मांस नाही, त्यामुळे मुख्य काम झालेलेच आहे. हातमोजे घालून मऊ ब्रशने माती काढा, पण नाकपुड्यांच्या आत ब्रश घालू नका, कारण तिथे कागदाच्या गुंडाळीसारखी पापुद्र्याएवढी पातळ हाडे असतात आणि ती सर्वांत आधी तुटतात. हाडावर पिवळसर, तेलकट डाग असतील तर भांडी धुण्याच्या साबणाचे कोमट पाणी करून त्यात ठेवा आणि पाणी गढूळ झाले की बदला. या कामाला कित्येक आठवडे लागू शकतात आणि इथे घाई केली तर डाग पुन्हा वर येतात. त्यानंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस बुडवून ठेवा. झाकण सैल असू द्या, कारण वायू साठून घट्ट झाकलेले भांडे फुटू शकते. शेवाळाचा हिरवटपणा बराचसा जाईल. थोडा उरलाच तर तसाच राहू द्या. वाळवताना ऊन टाळावे, नाहीतर दातांना उभ्या चिरा पडतात.

पाऊलवाट

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. हाडाला उकळण्याने इजा होते हे मला ठाऊकच नव्हते. छायाचित्रे वन विभागाकडे पाठवत आहे. पुढे परवानगी मिळाल्यास सुट्या दाढांचे काय करावे?

उत्तर ३ (जुनी खोबण)

धुण्यापूर्वीच त्या एकेक करून काढा आणि कोणती दाढ कोणत्या बाजूची व कितव्या खोबणीतली हे लिहून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. सर्व एका वाटीत गोळा केल्या तर नंतर जुळवणे अत्यंत कठीण जाते. हाडाचे पापुद्रे सुटत असतील तर ते पूर्ण वाळल्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ चा पातळ हात द्यावा. संग्रहालये हे राळेसारखे द्रव्य वापरतात, कारण गरज पडल्यास ते पुन्हा काढता येते. साध्या व्हार्निशची तशी सोय नसते. कवटीसोबत सापडल्याची जागा, तारीख आणि भोवतालच्या परिसराचे वर्णन असलेली चिठ्ठी अवश्य ठेवा, कारण अभ्यासकाच्या दृष्टीने त्या चिठ्ठीविना नमुन्याचे निम्मे मोल जाते. आणि पुढे कधी नाकातोंडातून रक्त आलेले ताजे कलेवर दिसले तर जवळ जाऊ नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा : ते काळपुळीचे म्हणजे ॲन्थ्रॅक्सचे लक्षण असू शकते आणि त्याचे बीजाणू मातीत अनेक दशके टिकून राहतात.