मदत हवी आहे: दिग्दर्शकाचा आलेख खालीवर असताना स्टुडिओ नेमका कोणता आकडा बघतो?

मराठी चित्रपटासाठी स्टुडिओला द्यायचा रिकव्हरी तक्ता (घातलेले पैसे कुठून, किती परत येतील याचा हिशेब) ठाण्यात बसून तयार करतोय. दिग्दर्शकाच्या नावावर एक हिट, दोन पडलेले.

आतापर्यंत केलेलं: तीनही चित्रपटांचं ग्रॉस (तिकीटविक्रीची एकूण रक्कम) बाजूला ठेवून निर्मात्याचा वाटा काढला. ठाण्यातल्या मल्टिप्लेक्सचं 200 रुपयांचं तिकीट धरलं, तर 18 टक्के जीएसटी वजा जाता साधारण 169.50 उरतात. पहिल्या आठवड्यात 50 टक्के वाटा धरला तर 84.75, दुसऱ्यात 42.5 टक्क्यांनी 72. त्यातून वितरकाचं कमिशन आणि प्रसिद्धीचा खर्च अजून जायचाच आहे. सिंगल स्क्रीनचं भाड्याचं गणित वेगळं मांडलंय. सरकारी अनुदान मुद्दाम धरलेलं नाही. ते परीक्षणानंतर, उशिरा मिळतं, त्याच्या भरवशावर बजेट कोण बांधणार!

गंमत म्हणजे पडलेल्या दोनपैकी एकाचा खर्च सॅटेलाइट (टीव्ही) आणि ओटीटी हक्कांतून बराचसा निघाला होता. म्हणजे तिकीटबारीवर फ्लॉप, स्टुडिओच्या वहीत नाही.

हॉलिवूडच्या मार्टिन स्कोर्सेसींच्या 2023 च्या चित्रपटाला ॲपलने पैसे दिले, असले दाखले कृपया नकोत. तिथे सबस्क्रिप्शनचा हिशेब असतो. नट अजून ठरलेला नाही, त्यामुळे 'मोठा चेहरा घ्या' हाही सल्ला नको.

ज्यांनी असे करार हाताळलेत त्यांना विचारायचंय: प्रदर्शनाआधी ओटीटी करार झालेला नसेल, तर अशा दिग्दर्शकासाठी स्टुडिओ डिजिटल हक्कांची रक्कम तक्त्यात धरू देतो का? की ती तिकीटबारीच्या कमाईच्या टप्प्यांना बांधलेली दाखवावी लागते?