क्लबच्या मेळाव्यासाठी पहिला जिओकॅश लपवायचाय, डबा कुठला घेऊ?

पानगळ:
दोन महिन्यांनी आमच्या विभागातल्या जिओकॅशिंग क्लबचा मेळावा आहे, त्यानिमित्त माझा पहिला कॅश, म्हणजे इतरांनी जीपीएसच्या आकड्यांवरून शोधून आतल्या लॉगवर (कागदावर) सही करायचा डबा, लपवायचाय. शोधलेत साठेक, लपवलेला एकही नाही. जागा नदीकाठच्या बागेत झुडपात, पाऊस भरपूर. जीपीएस यंत्र घ्यायला पैसे नाहीत, फोनवरच भागवायचंय. डब्यालाही फार खर्च नको. काय घेऊ?

रानवाट:
आधी यंत्र घ्या. माझं नऊ वर्षं चालतंय, दोनदा पाण्यात पडलं तरी चालतंय. दाट झाडीत फोन गंडतो आणि मग तुमच्या चुकीच्या आकड्यांवर शोधणारे सगळी झुडपं तुडवतात.

लॉगवाली:
दादा, पैसे नाहीत म्हणालीये ना ती. फोनने होतं गं. मी तीन वेगवेगळ्या दिवशी गेले, दर वेळी थोडं लांब जाऊन परत जागेवर येऊन मिनिटभर थांबून रीडिंग घेतलं आणि सरासरी काढली, आजवर एकाचीही तक्रार नाही. डबा चारी बाजूंनी क्लिपा आणि झाकणाला रबर असलेला घे.

जुनाडबा:
दारूगोळ्याचा लोखंडी डबा, दुसरं काही बघूच नका. माझा चौदा वर्षं तसाच आहे, आतली वही कोरडी ठणठणीत.

उंबरठा:
बागेत दारूगोळ्याचा डबा?? कुणी मगल, म्हणजे हा खेळ माहीत नसलेला माणूस, बघेल, पोलिसांना फोन करेल, अख्खी बाग रिकामी होईल. पारदर्शक डबा घ्या आणि बाहेर जिओकॅश म्हणून ठळक लिहा. फिल्मची डबी पण नको, माझ्या डबीत एका पावसाळ्यात लॉगचा लगदा झाला.

जुनाडबा:
माझ्यावर लिहिलंय ठळक. चौदा वर्षांत कुणी घाबरलं नाही.

मातीमोल:
डब्याचं राहू दे, परवानगी काढलीस का? मी न विचारता झाडाच्या मुळाशी वीतभर खणून डबा बसवला होता. माळ्याने उपटून टाकला ते ठीक, पण क्लबला त्या बागेत कायमची बंदी झाली आणि ती माझ्यामुळे. अजून मनाला लागतं. खणायचं नाही म्हणजे नाही.

रानवाट:
पण जगातला पहिला कॅशच अर्धा गाडलेला होता. २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरने ऑरेगनमध्ये बादली ठेवली.

मातीमोल:
त्यात बीन्सचा डबापण होता, म्हणून आज खाऊ ठेवायचा का? वासाने जनावरं डबे फोडतात. तेव्हा एक बादली होती, आता जगभर लाखो आहेत, नियम उगाच झाले नाहीत.

लॉगवाली:
आणि जवळच्या कॅशपासून १६१ मीटर अंतर बघ, नाहीतर कॅश मंजूर करणारा रिव्ह्युअर परत पाठवेल.

उंबरठा:
१६१ मीटरचं मीपण सांगणार होतो. शिवाय मेळाव्याच्या दिवशी पन्नास जण एकाच झुडपात शिरले की संध्याकाळपर्यंत पायवाट पडते. मूळ वाटेच्या कडेलाच ठेवा. मेळाव्यात सीआयटीओ पण करा, कॅश शोधताना कचरा उचलायचा, २००२ पासून चालू आहे ते.

पानगळ:
सगळ्यांचे आभार. आज बागेच्या ऑफिसात जाऊन आले. त्यांनी लेखी परवानगी दिली पण झुडपात नाही, तिथे पक्ष्यांची घरटी आहेत. पुलाच्या कठड्याला अडकवा म्हणाले. मग मोठा डबा कुठे बसवणार? म्हणून यातलं काहीच घेत नाहीये. प्रीफॉर्म घेतेय, बाटली फुगवायच्या आधीची ती जाड नळी, झाकण आटे घट्ट. आत गुंडाळलेला लॉग मावतो. शोधणारे अदलाबदल करतात त्या छोट्या वस्तू नाहीत मावणार, चालेल. आणि लपवणार मेळावा झाल्यावर, गर्दी ओसरली की. मेळाव्यात फक्त सीआयटीओ. माझा रोजचा फिरायचा रस्ता आहे, त्यामुळे येताजाता नळी तपासता येईल.

जुनाडबा:
नळी कुणीतरी पळवेल, बघा. लोखंडी डबा टिकतो.

मातीमोल:
लेखी परवानगी मिळाली हे सगळ्यात भारी. कागद वेबसाइटवरच्या कॅशच्या पानावर नमूद कर.

रानवाट:
मेळाव्याला यंत्र आणतो. पुलावर तुझ्या फोनशी रीडिंग ताडून बघू, दहा मिनिटांचं काम आहे.