मदत हवी आहे: एग फ्लायचा गोळा गोल का होत नाही? (स्टीलहेड, लेक एरी)

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा आडवाटेचा आहे. पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि विणकामवाल्याही आहेत, त्यातल्या कुणाला तरी उत्तर सुचेल अशी आशा.

मी क्लीव्हलँडजवळ राहतो. मासेमारीचा अनुभव म्हणाल तर लहानपणी सांगलीला कृष्णेत कणकेची गोळी लावून मासे धरायचो, एवढाच. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातला एक जण मला रॉकी रिव्हरवर घेऊन गेला. गुडघाभर पाण्यात माझ्या हाताएवढा लांब, चंदेरी मासा अंग वळवून गेलेला पाहिला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तो मासा म्हणजे स्टीलहेड. जात रेनबो ट्राउटचीच, पण हा मोठा होतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. इकडे समुद्राच्या जागी लेक एरी. मूळचा पॅसिफिक किनाऱ्याचा मासा. ग्रेट लेक्सच्या बाजूला तो १८७६ मध्ये मिशिगनच्या ऑ सेबल नदीत सोडला गेला. आमच्याकडच्या नद्यांचा तळ बराचसा शेल नावाच्या थरदार खडकाच्या फरशीचा, अंडी टिकतील अशी खडी कमी. त्यामुळे ओहायो सरकार दरवर्षी चार लाखांच्या आसपास पिल्लं सोडतं, तेव्हा कुठे आम्हाला मासे मिळतात.

आता मुद्दा. एग फ्लाय म्हणजे गळावर लोकर बांधून केलेलं माशाचं खोटं अंडं, गाभोळीतला एकच दाणा समजा. व्हिडिओत माणूस तीन वेढे देतो, लोकर वर ओढतो, एकदा कात्री चालवतो आणि टप्पकन गोल गोळा फुलतो. मी केलं की एका बाजूला दाढी आणि दुसऱ्या बाजूला टक्कल. जरा जोर लावला की दोरा तुटतो. नाही लावला तर अख्खं अंडं गळाभोवती फिरतं.

सामान असं: जुना व्हाइस (गळ धरून ठेवायचा शिकंजा), १२ नंबरचे लांब दांडीचे गळ (निम्फसाठी, म्हणजे पाणकिड्यांच्या नकलेसाठी घेतलेले पडून होते), ६/० जाडीचा बारीक दोरा आणि बायकोने भाचीसाठी दुपटं विणलं त्यातली उरलेली पीच रंगाची अॅक्रिलिक लोकर. आतापर्यंत चाळीस बांधले, त्यातले सात-आठ तोंड दाखवण्यालायक झाले.

गेल्या शनिवारी त्यातलेच घेऊन गेलो. इंडिकेटर (दोरीवरचा तरंगता गोळा, खाली काही ओढलं की बुडतो) नऊ वेळा बुडाला. मासा लागला एक, तोही दोन उड्या मारून गेला. मागे गळावर अंडं वाकाच्या टोकाला घसरून बसलेलं. थंडीत बोटं गेली ती गेलीच.

काय चुकतंय?

तळलेली सुरमई

आम्ही मासा कापून गाभोळी काढतो, तुम्ही गाभोळी लावून मासा काढताय. एवढी लोकर वाया घालवण्यापेक्षा खरी गाभोळी रवा लावून तळा, सोलकढी करा, झोपा.

(उत्तर माहीत नाही, पण धागा वाचतोय.)

एरीवारी

कृष्णाकाठचा, तुमच्या एका प्रश्नात निदान तीन प्रश्न आहेत. मी पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला एल्क क्रीक आणि वॉलनट क्रीकवर असतो, पाणी एकाच तळ्याला जातं, म्हणून सांगतो.

आधी गळ. लांब दांडीचा गळ यासाठी सोडून द्या. अंडं गोल असतं, त्याला दांडी हवीच कशाला? आखूड दांडी, रुंद तोंड, जाड तार असा १० ते १४ नंबरचा एग किंवा स्कड हूक घ्या. टीमको २४५७ किंवा डायची ११२० चालतो. बारीक तारेचा गळ स्टीलहेड सरळ करून परत देतो.

नऊ वेळा बुडून एकच लागला, त्याचं कारण मला तरी तुमच्या बोटांत नाही, आकारात दिसतंय. खरं स्टीलहेडचं अंडं साधारण ५-६ मिलिमीटरचं, म्हणजे भिजलेल्या साबुदाण्याएवढं. चिनूक सॅल्मनचं त्याहून मोठं. सकर माशाचं मात्र जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि वसंतात आमच्याकडे तीच अंडी पाण्यात भरपूर असतात. नवखा माणूस हौसेने हरभऱ्याएवढा गोळा बांधतो. लोकरीने गळाचं तोंड बुजतं, मासा अंडं तोंडात घेतो, दाबतो, थुंकतो, आणि टोक कुठे लागतच नाही. बांधून झाल्यावर गळ डोळ्यासमोर धरा. टोक आणि दांडी यांच्यामधून पलीकडचं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर खालची लोकर निर्दयपणे कापा. खालून चपटं अंडं माशाला चालतं, आपल्यालाच गोल हवं असतं.

नऊपैकी काही वेळा इंडिकेटर दगडाला अडकूनही बुडाला असेल, तेही धरून चाला.

गोळा फुलत नाही त्याचं मात्र मला नीट सांगता येत नाही. मी सुरुवातीपासून एग यार्न, म्हणजे एग फ्लायसाठीच मिळणारी लोकर वापरतो, दुपट्याची लोकर कधी वापरली नाही.

कृष्णाकाठचा

तोंड बुजतं हे पटलं. आत्ताच डबीतले सगळे उजेडात धरून पाहिले, एकातूनही पलीकडचं दिसत नाही. साबुदाणा कायमचा लक्षात राहील.

फुलण्याचं अजून कळत नाही. कापल्यावर लोकरीची टोकं सुटी होण्याऐवजी चार-चार जाड शेंड्या उभ्या राहतात. केसाळ अंडं नाही, मक्याच्या कणसाचे तुरे आलेलं बुजगावणं वाटतं.

लोकरवेडी

मला ट्राउट म्हणजे काय ते तुमच्या धाग्यावरूनच कळलं. पण तुम्ही जे करताय त्याला आमच्याकडे गोंडा म्हणतात! कानटोपीवरचा गोंडा. माझ्या हातून शंभरेक तरी झाले असतील.

तुमच्या चार शेंड्या म्हणजे लोकर चार पदरी आहे. विणायच्या लोकरीला पीळ असतो, नाहीतर ती सुईवर टिकणारच नाही. मोठ्या गोंड्यात दोनशे टोकं असतात म्हणून पीळ झाकला जातो. तुमच्या साबुदाण्यात लोकरीचे तीन तुकडे, म्हणजे टोकं सहा. ती शेंड्यांसारखीच दिसणार. तुकडा कापा, पदर वेगळे करा, प्रत्येक पदराचा पीळ उलटा फिरवून सोडवा आणि जुन्या टूथब्रशने विंचरा. कापसासारखा झाला की मग बांधा.

दुसरं, दाढी आणि टक्कल. गोंड्यात सगळा जीव मधल्या गाठीत असतो. गाठ ढिली असेल तर कात्रीने कितीही सारखा करा, दोन दिवसांत एका बाजूला कलंडतो. आई गोंडा बांधताना दोऱ्याचं एक टोक दातात धरायची आणि दुसरं हाताने अशी ओढायची की दोरा लोकरीत दिसेनासा व्हायचा. कमरेला आवळलं की वरचं खालचं आपोआप फुलतं. तुमचा दोरा तुटतो म्हणून तुम्ही हात आखडता घेताय, आणि सगळी गडबड तिथेच आहे असं मला वाटतं. कात्रीचा दोष नाही.

एक विचारते, लोकर गळाच्या फक्त वर ठेवता का? मग खाली टक्कल पडणारच. थोडी खाली ठेवून बघा.

एरीवारी

लोकरवेडी ताई, नमस्कार घ्या. दहा वर्षं बांधतोय, पण गाठ आवळली की का फुलतं याचा विचार कधी केला नव्हता.

ताईंच्या म्हणण्याला या धंद्यातली भर घालतो. ६/० दोरा बदला. जेल स्पन नावाचा पॉलिएथिलिनचा दोरा मिळतो, १०० डेनियर जाडीचा घ्या. तो हाताने तुटत नाही, उलट बोट कापतं. गुळगुळीत असल्यामुळे सरकतो, म्हणून आधी गळावर साध्या दोऱ्याचा किंवा त्याचाच दाट थर द्या आणि त्यावर सुपरग्लूचा अगदी बारीक थेंब. अंडं फिरायचं थांबेल. आणि हा दोरा चांगल्या कात्रीने कापू नका, धार जाते. त्याला जुनी कात्री ठेवा, लोकरीला नवी.

१२ नंबरच्या गळाला विंचरलेल्या लोकरीचे दोन पदर वर, एक खाली. दोन वेढे सैल टाका, मग दोरा सरळ खाली ओढा. बाजूला ओढलात की लोकर गळाभोवती वळते आणि तुमचं टक्कल तिथेच पडतं. तिसरा वेढा बरोब्बर त्याच जागी. शेजारी गेला की गोळ्याऐवजी सुरवंट होतो. मग लोकर वर धरून तिच्या बुडाभोवती आडवे तीन-चार वेढे, दोरा पुढे गळाच्या डोळ्यापाशी आणून व्हिप फिनिश (शेवटची न सुटणारी गाठ), दोरा तोडा. त्यानंतरच कात्री. सगळी लोकर चिमटीत घट्ट वर ओढायची आणि एकाच फटक्यात कापायची. जितकी बुडाजवळ कापाल तितकं अंडं लहान. चिमूट सोडा, नखाने खाली चोळा.

दोन फटके मारले की पायऱ्या पडतात, मग सारखं करत करत अंडं नाहीसं होतं. हे माझ्या हातून फार वेळा झालंय.

दुपट्याची लोकर संपली की मॅकफ्लाय फोम घेऊन बघा. नावात फोम असला तरी हाताला बिनपिळाची, दाट, ताणली जाणारी लोकरच लागते. विंचरायचं काम वाचतं.

बर्फातला बेडूक

एवढा खटाटोप कशाला? ८ मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा मणी दोरीत ओवा, टूथपिकने अडकवा, खाली दोन इंचांच्या आत उघडा गळ. मासा मणी तोंडात घेतो, गळ जबड्याला बाहेरून लागतो. मी तीन वर्षांत एक एग फ्लाय बांधलेला नाही.

एरीवारी

मणी चालतो, कोण नाही म्हणतंय. अलास्कात तर मणी गळापासून किती लांब ठेवायचा याचाही नियम आहे. पण लोकरीचं अंडं माशाच्या दातात अडकतं, तो लगेच थुंकत नाही, तेवढी उसंत मला लागते. आणि जानेवारीत घरी बसून करायचं काय?

कृष्णाकाठचा

(अडीच आठवड्यांनी)

उशीर झाला, पण हात रिकामा नाही.

पहिले तीन दिवस फक्त पीळ सोडवत बसलो. बायको म्हणाली, भाचीचं दुपटं उसवायला घेतलंय की काय. टूथब्रशची युक्ती एकदम लागू. जेल स्पनने पहिल्याच संध्याकाळी करंगळी कापली, आता बोटाला चिकटपट्टी लावून बसतो. तिसरा वेढा खाली ओढला की 'कर्र' असा बारीक आवाज येतो आणि लोकर दोन्हीकडून उभी राहते. हा आवाज व्हिडिओत ऐकू येत नाही. वीसपैकी चौदा गोल झाले. उरलेल्यांपैकी चारांना ताईंच्या आईचे दात हवे होते, दोन मांजराने नेले.

नदी पावसाने चहासारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरून हिरवट झालं तेव्हा गेलो. आधी भडक गुलाबी लावलं, काही नाही. मग फिकट पीच, साबुदाण्याएवढं. दोरी प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकत राहिलो म्हणजे अंडं प्रवाहाच्याच वेगाने जाईल. इंडिकेटर चार वेळा बुडाला. एक दगड, एक फांदी, दोन मासे. एक सुटला. दुसरा आला, मादी, गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात नीट बसलेला. पाण्यातच ठेवून सोडवली. गळ काढताना अंडं जागचं हललं नव्हतं, याचाच आनंद जास्त झाला.

आता पुढचा हावरटपणा. दुकानात काही अंड्यांच्या आत लाल ठिपका दिसतो, जणू आत जीव आहे. तो कसा आणतात? मी वरून मार्करने लावला, पाण्यात पसरून सगळं अंडं गुलाबी झालं.

एरीवारी

अभिनंदन! त्याला ब्लड डॉट म्हणतात. वरून लावायचा नाही, आत ठेवायचा. वरच्या दोन पदरांच्या मध्ये लाल किंवा गडद नारिंगी लोकरीची अगदी बारीक काडी ठेवा, सुतळीच्या एका धाग्याएवढी, आणि सगळं एकदम बांधा. कापल्यावर ठिपका वरच्या अंगाला येतो. जाड घेतलात तर ठिपका न राहता कुंकवाचा मळवट होतो.

एक सांगायचं राहिलं. मार्च-एप्रिलमध्ये तळाची खडी एखाद्या जागी घासल्यासारखी फिकट दिसली तर ते माशांचं घरटं असतं. त्यावरून चालू नका आणि त्यावर बसलेल्या जोडीच्या पुढ्यात अंडं टाकू नका. खालच्या अंगाला, खोल पाण्यात टाका. वाहून आलेली अंडी खायला बाकीचे तिथेच उभे असतात.

लोकरवेडी

लाल ठिपक्यासाठी लोकर विकत घेऊ नका. भरतकामाचा लाल दोरा सहा पदरी असतो, त्यातला एक पदर काढा, पुरे. रंग जातो का ते आधी वाटीभर पाण्यात रात्रभर टाकून बघा.

आणि मांजराने नेलेल्या दोनांत गळ होते ना? आधी मांजराचं तोंड बघा, मग माशांचं.

कृष्णाकाठचा

ताई, ते दोन गळाशिवायचे होते, सुईवर सराव केलेले. सोफ्याखाली सापडले. त्यातला एक अजून गोल आहे.