पुस्तकं पाठवा, पण चाळून
एकांनी सुचवलंय की घरात पडून असलेली पुस्तकं खोकी भरून कोकणातल्या वाड्यांवर पाठवावीत. जरूर पाठवा, पण आधी चाळा हो. अलिबागकडच्या आमच्या कातकरीवाडीत आलेल्या खोक्यातून निम्मी बारावीची गाइडं निघाली, पोरं पहिली-दुसरीतली! मोठ्या टायपातली, पानाला दोन ओळी नि भरपूर चित्रं असलेली पुस्तकं हवीत. या मुलांची घरची बोली कातकरी, पुस्तकी मराठी त्यांना परकीच. मी चित्रावर बोट ठेवून ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’ असं विचारते, वाचन त्यानंतर.

रत्नागिरीत नगर वाचनालय १८२८ पासून आहे, म्हणजे कोकणाला ग्रंथालय नवं नाही. ते वाडीपर्यंत चढलं नाही, एवढंच.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत पेटी आली तर उघडायची कुणासाठी? म्हणून आम्ही वीसेक पुस्तकं पिशवीत घालून भट्टीवरच नेतो.

आणि पाऊस! पुठ्ठ्याच्या खोक्यातली पानं श्रावणापर्यंत बुरशीने चिकटतात. पत्र्याची पेटी, खाली चार विटा, आत कडुलिंबाचा वाळका पाला. उघडीप मिळाली की पोरंच ओटीवर पुस्तकं वाळत घालतात, आणि तिथेच वाचत बसतात.