रोगप्रतिकारक जनुके आणि मुलांमधील तीव्र मलेरिया

प्रश्न: आफ्रिकेतील एकाच गावात, सारखेच डास चावत असताना, काही मुलांना साधा ताप येतो आणि काही मेंदूच्या मलेरियाने बेशुद्ध होतात. हा फरक रोगप्रतिकारक जनुकांमुळे पडतो का?

पहिले उत्तर: काही अंशी, होय. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गॅम्बियातील अभ्यासात एचएलए या रोगप्रतिकारक जनुकाचा ‘एचएलए-बी५३’ हा प्रकार असलेल्या मुलांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळत असल्याचे दिसले. या जनुकापासून बनणारे प्रथिन परजीवीने ग्रासलेल्या यकृतपेशीतील परजीवीचे तुकडे टी-पेशींपुढे, म्हणजे ग्रासलेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींपुढे, मांडते.

दुसरे उत्तर: मात्र प्रतिकार जितका तीव्र तितके संरक्षण अधिक, असे समजू नये. ‘टीएनएफ’ हे दाह वाढवणारे प्रथिन आहे, आणि त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागातील एका बदलाच्या दोन्ही प्रती असलेल्या गॅम्बियन मुलांमध्ये मेंदूच्या मलेरियामुळे मृत्यू किंवा मज्जासंस्थेची गंभीर हानी होण्याचा धोका सुमारे सातपट आढळला होता.

प्रश्नकर्ता: मग जनुकचाचणीने धोक्यातील मुले आधीच ओळखता येतील का?

तिसरे उत्तर: माझ्या मते नाही. पुढे हजारो मुलांवर झालेल्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासांत सर्वांत ठाम संबंध तांबड्या पेशींशी निगडित जनुकांचेच निघाले. तांबड्या पेशींचा आकार बदलू शकणाऱ्या सिकल सेल जनुकाची एकच प्रत तीव्र मलेरियाचा धोका जवळजवळ दहापटीने घटवते, आणि त्यापुढे एचएलएचा प्रभाव फिकाच वाटतो.