वेंबनाड सरोवरात एकट्याने कयाक वल्हवण्याविषयी

प्रश्न (डिचोली): मांडवीत मी नियमित कयाक वल्हवतो. जानेवारीत केरळमधील वेंबनाड सरोवरातून आलप्पुळा ते कोची असा प्रवास एकट्याने करण्याचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्हापसा): दुपारनंतर समुद्रावरचा वारा उघड्या पाण्यात लाटा उठवतो, म्हणून पहाटेच निघावे. कुट्टनाडच्या भातशेतीत खारे पाणी शिरू नये यासाठी तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारे त्या काळात सहसा बंद असतात. तेव्हा होड्यांच्या मार्गाची आधीच चौकशी करा, नाहीतर कयाक उचलून न्यावी लागेल. बंधाऱ्यापलीकडे भरती-ओहोटी जाणवते. तिथे मांडवीतला सराव उपयोगी पडेल.

उत्तर (फोंडा): मला वाऱ्याहून जलपर्णी अधिक त्रासदायक वाटते. शिवाय एकटे जाणार आहात, तर मुक्कामाची गावे घरी लिहून ठेवाच.